बिनलेबलाच्या २३ कॅसेट : कामाच्या नोंदी

रविवार, ७ जानेवारी २०२४

पुण्याचा जुना बाजार, मंगळवार पेठ. सकाळी सव्वासातला पोचलो, तेव्हा अर्धी दुकानं अजून ताडपत्रीवर मांडली जात होती. इथे दोन वर्षं येतोय, पण टीव्हीवर खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट एवढ्या संख्येने एका ठिकाणी आज पहिल्यांदाच दिसल्या. खताच्या गोणीत, रिमोटच्या आणि चार्जरच्या वायरींखाली.

दुकानवाल्या चाचांनी गोणी माझ्यासमोर उपडी केली. लेबलवाल्या आठ, बिनलेबलाच्या तेवीस. लेबलवाल्यांना प्रत्येकी २५० सांगितले. 'कॉन्ट्रा आहे भाऊ, बघा, चित्र बघा.' चित्र बघितलं. लेबल इतकं ताजं होतं की कोपऱ्यात डिंकाचा वास येत होता, आणि प्लॅस्टिक मात्र पंचवीस-तीस वर्षांचं. कॉन्ट्रा या गेमची मागणी आहे हे कोणीतरी चाचांना सांगितलंय आणि कोणीतरी त्यांना स्टिकरचा ताव छापून दिलाय. आठपैकी पाच कॉन्ट्रा होत्या. एका घरात पाच कॉन्ट्रा कोणी ठेवतं का?

बिनलेबलाच्या शंभरला एक म्हणाले. घासाघीस करून तेवीसच्या तेवीस ११५० रुपयांत उचलल्या, म्हणजे पन्नासला एक. चाचांना वाटलं गिऱ्हाईक बावळट आहे. मला वाटलं चाचा बावळट आहेत. असा सौदा दोघांनाही गोड लागतो.

या धंद्यात लेबल आधीपासूनच खोटं असायचं, ते आजचं नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे आल्या त्या जवळजवळ सगळ्या नकला. वर चित्र एका गेमचं, आत दुसराच गेम, आणि '९९९९९९ इन १' असा शिक्का. त्यापेक्षा कोरी कॅसेट परवडली. ती निदान काही दावा तरी करत नाही.

सोमवार, ८ जानेवारी

ऑफिसातून आल्यावर मांडामांड. मास्किंग टेपवर क-१ ते क-२३ असे नंबर घालून चिकटवले. नियम एकच ठेवलाय : तपासल्याशिवाय एकही कॅसेट मशीनमध्ये जाणार नाही. शॉर्ट असलेली एक कॅसेट माझं चालू मशीन घेऊन जाईल, आणि ही मशीनं आता मिळत नाहीत.

आधी पिना मोजल्या. आपल्याकडची 'सामुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' वगैरे मशीनं ज्या जातीची होती, तिचं मूळ म्हणजे निन्टेन्डोचं फॅमिकॉम, जपानमध्ये १५ जुलै १९८३ला निघालेलं. त्याच्या कॅसेटला ६० पिना, एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला तीस. १९८५ला अमेरिकेत तेच मशीन दुसऱ्या खोक्यात गेलं तेव्हा ७२ पिना झाल्या आणि आत कुलपाची एक चिप बसवली. फॅमिकॉमला कुलूपच नव्हतं. आशियाभर नकलांचं जंगल माजलं त्याचं अर्धं कारण तेच.

क-२२ची पट्टी (आतला सर्किट बोर्ड) रुंद निघाली. ३२ आणि ३२, म्हणजे ६४ पिना. सेगा मेगा ड्राइव्हची. बाजूला ठेवली, माझ्याकडे ते मशीन नाही.

मग वजन. आईच्या मसाल्याचा छोटा डिजिटल काटा घेतला. बहुतेक कॅसेट ३६ ते ४० ग्रॅम भरल्या. क-५ आणि क-१९ भरल्या २८ ग्रॅम, आणि हलवल्यावर आत काहीच जाणवेना. नखाने कड उचकटली तर आत पट्टीच नाही, नुसतं टरफल. चाचांनी शंभर रुपये हवेचे घेतले.

उलट क-२१ भरली ५३ ग्रॅम. तीनदा ठेवून बघितलं. आई म्हणाली, 'अरे, सोनं तोलतोयस का?' ती आज उघडत नाही. शेवटी उघडायची.

मंगळवार, ९ जानेवारी

मल्टीमीटरने वीस कॅसेटींच्या पाच व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या पिना तपासल्या. क-९वर लगेच शिट्टी वाजली. शॉर्ट.

उघडली. या कॅसेटींना स्क्रू नसतात, आतल्या बाजूने खाचेत अडकवलेल्या असतात. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवायचं आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबत न्यायचं. घाई केली की खाच तुटते आणि कॅसेट जन्मभर रबरबँडवर राहते. आतली पट्टी टरफलाच्या निम्मीसुद्धा नसते. तिच्यावर डांबराचे दोन काळे ठिपके, खाली उघड्या चिपा. वीजदाब स्थिर ठेवायला एक छोटा पिवळा कपॅसिटर होता, त्याला मध्ये बारीक चीर गेलेली. तो काढला, शॉर्ट गेला. बऱ्याच नकलांत हा कपॅसिटर मुळातच घालत नाहीत, पैसे वाचवायला. म्हणजे ज्याने नियम पाळला त्याचीच कॅसेट मेली. नवीन ०.१ मायक्रोफॅरडचा लावून बंद केली.

शनिवार, १३ जानेवारी

साफसफाई. तपकीर गल्लीतून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. औषधाच्या दुकानात मिळतं ते सत्तर टक्क्यांचं, उरलेलं पाणी, ते नको.

पद्धत : आधी पांढरं खोडरबर, हलक्या हाताने, पिनेच्या लांबीच्या दिशेने. आडवं घासलं की मुलामा कडेने सुटतो. मग इअरबड आयसोप्रोपिलमध्ये बुडवून दोनदा, शेवटी कोरडा बड. पहिल्या बडाला जो काळा-हिरवा मळ लागतो तो बघून आपल्या बालपणाबद्दल वाईट वाटतं. हिरवं म्हणजे तांब्याला चढलेला गंज, आणि त्याला हातभार लावला तो आपण. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीने धूळ जायची ती जायची, थुंकीचे तुषार मात्र हमखास बसायचे. कॅसेट चालायची ती काढून-घालून पिना पुन्हा नीट टेकल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला.

क-३ आणि क-११च्या पाठीवर लेबल खरवडून काढल्याच्या खुणा आहेत. नखाने नाही, ब्लेडने. शाळेत वहीवरचं नाव खोडतात तसं. दोन भावांच्या वाटण्या, की उसनी आणलेली कॅसेट परत द्यायची नव्हती?

रविवार, १४ जानेवारी

आज लावायचा दिवस. चौदा इंची डबा टीव्ही माळ्यावरून काढला. अठरा कॅसेट (क-९ची अजून खात्री नाही, क-२१ राखून ठेवलीय).

बारा पहिल्या फटक्यात चालल्या.

ओळखायला वेळ लागला नाही, कारण यातला एकही गेम मी नावाने ओळखत नाही. आमच्या गल्लीत इंग्रजी नावं कोणी घेतलीच नाहीत. 'बॅटल सिटी' म्हणजे टँक. 'रोड फायटर' म्हणजे कार. 'सर्कस चार्ली' म्हणजे सर्कस. 'डक हंट' म्हणजे बंदूक, मग कॅसेट कुठलीही असो. तर : टँक तीन, सर्कस दोन, कार एक, बॉम्बरमॅन एक, गॅलॅक्सियन एक, बंदूक एक, आणि एकात अनेक अशा तीन. त्यातल्या एकीत '९९९९९९ इन १' असं पाटीवर झळकलं. पाऊण तास बसून मोजले. वेगळे गेम पाच. बाकीच्या ओळी त्यांच्याच : टँक पहिल्या पातळीपासून, टँक सातव्या पातळीपासून, टँक जास्त जिवांसकट.

शीर्षकाच्या पडद्यावर जिथे कंपनीचं नाव आणि साल असायचं, तिथे बहुतेक ठिकाणी काळी जागा आहे. नक्कल करणाऱ्यांनी आत शिरून तेवढंच पुसलंय. लेबल बाहेरून काढलेलं आणि आतूनही.

संध्याकाळी एक गंमत तपासली. मारिओ (क-१४, तिचं दुखणं खाली) माझ्या मशीनवर लावला आणि शेजारी लॅपटॉपवर जपानी वेगाने. आमचा मारिओ हळू चालतो. हे गेम सेकंदाला ६० चित्रांच्या हिशोबाने लिहिले, आपल्याकडचे टीव्ही ५० चित्रांचे. गेमचं घड्याळ चित्रांवर चालतं, त्यामुळे सगळंच सुमारे सहाव्या हिश्शाने मंदावतं, संगीतसुद्धा. पण सूर उतरत नाही. कारण आपल्या नकली मशीनमधला प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि जपानी १.७९वर, म्हणजे जवळजवळ सारखाच. युरोपातल्या अस्सल मशीनचा १.६६ होता, तिथे सूरही उतरायचे. म्हणजे सूर तोच, लय विलंबित, असा मारिओ आमच्या वाट्याला आला. जपानी वेगाने तो मला अजूनही घाईत असल्यासारखा वाटतो.

पाच कॅसेटींवर काहीच नाही. नुसता करडा पडदा.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. काम नाही. साताऱ्याहून दादाचा फोन, तिळगूळ घ्या गोड बोला झाल्यावर सांगितलं की टँक तीन निघाल्या. दादा म्हणाला, 'एक मला ठेव. आणि तू पिवळा टँक घ्यायचा नाहीस.' हा वाद १९९६पासून चालू आहे.

रविवार, २१ जानेवारी

क-१४. पूर्ण दिवस गेला, पण मजा आली.

लक्षण असं : मारिओ चालू होतो, पहिला पडदा ठीक. दहा-बारा पावलं चाललं की डावीकडे, जिथून आपण आलो तिथे, पुढे यायचे पाइप उगवतात. जमीन दिसते तिथून मारिओ खाली पडतो, आणि खड्डा दिसतो तिथे हवेत उभा राहतो.

हवेत उभा राहतो म्हणजे डोकं शाबूत आहे. गेम जमिनीचा हिशोब स्वतःच्या मेमरीत ठेवतो, चित्र बघून चालत नाही. बिघाड फक्त चित्राकडे जाणाऱ्या वाटेवर आहे.

फॅमिकॉमकडे पार्श्वभूमीसाठी २ किलोबाइट मेमरी, म्हणजे दोन पडद्यांपुरती. ते दोन पडदे शेजारी-शेजारी समजायचे की एकाखाली एक, हे कॅसेट ठरवते, तेही पट्टीवरच्या एका सोल्डरच्या थेंबाने. 'एच' आणि 'व्ही' अशा दोन जागा असतात, त्यातली एक जोडायची. मारिओ आडवा पळतो, त्याला पडदे शेजारी-शेजारी हवेत, त्यासाठी 'एच' जोडायचा. कार उभी पळते, तिला 'व्ही'. (उलटं वाटतं ना? मारिओत प्रतिबिंब उभं पडतं, तरी अक्षर 'एच'. मी दरवेळी चुकतो आणि दरवेळी कागदावर काढून बघतो.)

क-१४ उघडली. 'एच'वर थेंब होता, दिसायला तुकतुकीत. भिंगाखाली धरल्यावर त्याच्याभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. सोल्डर नुसतं टेकून बसलेलं, धरलेलं नव्हतं. मल्टीमीटर गप्प. म्हणजे मशीनला दोन पडदे सांगणारी तारच तुटलेली, आणि सगळं एकाच पडद्यावर रंगवलं जात होतं. गेम उजव्या कडेच्या पुढचा भाग आधीच रंगवून ठेवतो. दुसरा पडदा नसल्यामुळे तो डावीकडे, आपल्या मागे उमटत होता.

फ्लक्स लावला, तीनशे तीस अंशावर सोल्डरिंग आयर्न टेकवलं, दोन सेकंद. थेंब वितळून खाली बसला, कडा आत वळल्या. शिट्टी वाजली.

पहिला झेंडा गाठेपर्यंत उठलो नाही. झेंड्याच्या टोकाला अजूनही पोचता येत नाही.

शुक्रवार, २६ जानेवारी

सुट्टी. पाच मेलेल्यांवर दुसऱ्यांदा खोडरबर फिरवल्यावर तीन उठल्या : सर्कस, परत एक बॉम्बरमॅन, आणि एक कॉन्ट्रा! चाचांच्या पाच छापील कॉन्ट्रांपैकी किती खऱ्या असतील देव जाणे, माझी खरी निघाली ती बिनलेबलाची.

उरल्या क-६ आणि क-१७. दोन्ही कार्ट रीडरवर, म्हणजे कॅसेट वाचायच्या यंत्रावर, लावल्या. आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर केलेलं आहे, आराखडा ओपन सोर्स, पट्टी गेल्या वर्षी मीच भरली. कॅसेटमधला कोड बाहेर काढून सीआरसी बेरीज (कोडची ओळख पटवणारा आकडा) काढायची आणि ओळखीच्या यादीशी ताडून बघायची.

क-१७ : सुरुवातीपासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. चिप बोलतच नाही. डांबराच्या ठिपक्याखाली केसाहून बारीक तारा असतात, त्या तुटल्या की हातात काही राहत नाही. गेली.

क-६ मजेशीर. बाइट येत होते, पण कशाशीच जुळेनात. शेवटचे ६ बाइट बघितले. सुरू झाल्यावर प्रोसेसरने कुठे उडी मारायची तो पत्ता तिथे लिहिलेला असतो, त्यामुळे ते वाचले की कॅसेट शुद्धीवर आहे का ते कळतं. पत्ता काहीतरीच होता. मग सगळे बाइट दोनच्या पायात मांडले आणि उभं वाचत गेलो. एक रकाना वरपासून खालपर्यंत नुसते १. डी-३. आठ तारांपैकी एक तार कायमची 'हो' म्हणत होती.

शनिवार, २७ जानेवारी

डी-३चा मार्ग भिंगाखाली शोधला. पिनेपासून चार मिलिमीटरवर हिरव्या थराखाली काळपट डाग. ओलाव्याने तांबं खाल्लेलं. ब्लेडच्या टोकाने दोन्ही बाजूंना थर खरवडला, चकचकीत तांबं वर आलं, इनॅमलच्या तारेचा एक धागा पूल म्हणून टाकला. चार वेळा निसटला. पाचव्यांदा बसला.

परत वाचली. १६ किलोबाइट कोड, ८ किलोबाइट चित्रं. चित्रांचा भाग वेगळा उघडला : आठ बाय आठ ठिपक्यांचे ५१२ चौकोन, एकेक १६ बाइटचा. अक्षरं दिसली, विटा दिसल्या, मग एक छोटा गरुड.

टँक. चौथी.

दोन संध्याकाळ, एक तार, मान दुखतेय, आणि टँक चौथी. दादाला हीच देतो.

शनिवार, ३ फेब्रुवारी

क-९ आधी. कपॅसिटर बदलल्यावर चालली, एकात चार गेम, बरी आहे.

आता क-२१, त्रेपन्न ग्रॅमवाली. उघडली आणि एकदम खुर्चीत मागे टेकलो. डांबर नाही. दोन मोठ्या अठ्ठावीस पायांच्या सिरॅमिक चिपा, पाठीवर चांदीरंगाची पट्टी चिकटवलेली. ईप्रॉम. पट्टीखाली काचेची खिडकी असते, तीतून अतिनील प्रकाश पाडला की आतलं पुसलं जातं. म्हणजे ही कॅसेट कारखान्यात ठोकळेबाज छापलेली नाही, कोणीतरी एकेक चिप प्रोग्रॅमरवर चढवून भरलेली आहे.

चांदीची पट्टी सोलून खाली काय आहे ते बघायचा मोह झाला. बघितलं नाही. चिपेचा नंबर कडेला अर्धवट वाचता आला : एक २५६, एक ६४. ईप्रॉममध्ये आकडे किलोबिटमध्ये असतात, म्हणजे ३२ किलोबाइट आणि ८ किलोबाइट. एकूण ४०. मारिओ बरोबर एवढाच आहे, आणि 'कुंगफू'सुद्धा.

ईप्रॉममधला विद्युतभार वर्षांनुवर्षं पाझरत जातो. आधी मशीनवर लावून खेळण्यापेक्षा आधी वाचून घेतलं. पाच वेळा वाचली. तीन सारख्या आल्या, दोन वेगळ्या, आणि फरक एकाच बाइटचा. एक शून्य दमलेलं होतं, कधी शून्य म्हणत होतं कधी एक. वीजदाब पाचावरून ४.६वर आणला. भार पाझरलेला कप्पा जास्त दाबाला 'एक' म्हणून फसतो, कमी दाबाला शून्यावर ठाम राहतो. सहा वाचनं, सहाही सारखी. सीआरसी यादीत जुळली.

कुंगफू. पाच मजल्यांचा वाडा, वरच्या मजल्यावर बांधून ठेवलेली बाई.

प्रत जपून ठेवली. चिप पुन्हा भरता येईल, पण तूर्त हात लावत नाही. चांदीच्या पट्टीवर कोणीतरी निळ्या बॉलपेनने '७' लिहिलंय. देवनागरी सात. कारखान्यातला नाही तो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

हिशोब : तेवीसपैकी एक सेगाची, दोन टरफलं, एक मेलेली, एकोणीस चालू. कॅसेट ११५०, आयसोप्रोपिल आणि किरकोळ ४१०. एका मित्राने सुचवलं की छान रंगीत लेबलं छापून लावू, कपाटात शोभतील. नको म्हणालो. नंबराची चिठ्ठी टरफलाच्या आतल्या बाजूला लावली, कधी उघडली, काय बदललं, त्या तारखेसकट. बाहेरून कोऱ्या.

रविवार, ११ फेब्रुवारी

परत बाजार. चाचांकडे नवीन गोणी, साधारण तीस कॅसेट, सगळ्या कोऱ्या. बसलो.

चाचांनी चहा सांगितला, म्हणजे काहीतरी काम होतं. 'भाऊ, तुम्हाला कळतं यातलं. कोणती कशाची, तेवढं वर लिहून द्या ना.' आणि काळं मार्कर पुढे केलं.

आता आली पंचाईत. चालवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, हे खरं होतं आणि तसं म्हणालोही. चाचांनी टपरीच्या मागून एक मशीन काढलं, वर छोटा टीव्ही. त्यांनी तयारी केली होती.

चहा प्यायलाय म्हटल्यावर सहा लावून दाखवल्या. चार चालल्या. मार्करने लिहिलं : सर्कस, टँक, टँक, कार. शाई वाळायच्या आत चाचांनी त्या चार उचलून पुढच्या रांगेत मांडल्या आणि म्हणाले, 'या दोनशे.'

'आणि बाकीच्या?'

'बाकीच्या तुमच्यासाठी साठ.'

पन्नासच्या साठ झाल्या. सव्वीस घेतल्या, मार्कर परत दिलं. वजनकाटा पुढच्या वेळी बरोबर आणायचा.